सपाट पटलाचे स्पीकर आणि घरातील साधी खोली : एक ऐतिहासिक अभ्यास (१९२४ ते २०२२)

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास बहुधा संशोधक, पेटंटे आणि कारखाने यांच्या अंगाने लिहिला जातो. यंत्र ज्या खोलीत ठेवले जाते, त्या खोलीला या इतिहासात क्वचितच स्थान मिळते. घरी बसून संगीत ऐकण्याच्या साधनांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. ध्वनिक्षेपक, म्हणजे रूढ भाषेतील स्पीकर, घरात एकटा कधीच वाजत नाही. त्याच्याबरोबर भिंती, जमीन, छत, कपाटे आणि पडदे हेही आपापल्या परीने वाजत असतात. श्रोत्याच्या कानावर येणारा स्वर हा यंत्र आणि वास्तू या दोहोंचा मिळून असतो.

या दृष्टीने सपाट पटलाच्या स्पीकरचा इतिहास अभ्यासनीय ठरतो. नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकू एका बंद पेटीत बसवलेला असतो. सपाट पटलाच्या, म्हणजे प्लेनर स्पीकरमध्ये पेटी नसते. अतिशय पातळ असा एक ताणलेला पडदा पुढे आणि मागे अशा दोन्ही बाजूंना हवेला हलवतो. स्वराची स्पष्टता आणि सहजता यांसाठी या प्रकाराची जाणकारांत ख्याती आहे. मात्र तो जागा, विद्युतशक्ती आणि घरातील इतर माणसांचा समजूतदारपणा यांची मागणी करतो, अशीही त्याची ओळख आहे.

प्रस्तुत निबंधात या स्पीकरच्या सुमारे शंभर वर्षांच्या वाटचालीचा मागोवा घेऊन, मध्यमवर्गीय घरातील साध्या खोलीसाठी त्याची निवड कोणत्या आधारावर करता येते, याचा विचार केला आहे. या वाटचालीतील प्रत्येक महत्त्वाचे वळण खोलीच्या प्रश्नाशी जोडलेले होते आणि म्हणूनच निवडीची सुरुवात यंत्राच्या गुणवर्णनाऐवजी खोलीच्या मोजमापापासून व्हावी, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पेटी आणि पटल : प्रारंभीची फारकत

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रेडिओच्या प्रसाराबरोबर चांगल्या स्पीकरची गरज निर्माण झाली. त्यापूर्वीचे स्पीकर कर्ण्याचे होते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये कर्ण्याविना चालणाऱ्या स्पीकरवरील आपला शोधनिबंध सादर केला. चुंबकाच्या क्षेत्रात हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला शंकू ही त्यांची रचना होती. आजही जगातील बहुसंख्य स्पीकर याच तत्त्वावर चालतात.

याच सुमारास दुसऱ्या वाटेचाही शोध चालू होता. जर्मनीत सीमेन्स कंपनीत वॉल्टर शॉटकी आणि एर्विन गेर्लाख यांनी १९२४ मध्ये धातूच्या पातळ पट्टीचा, म्हणजे रिबनचा उपयोग करून ध्वनिग्राहक व ध्वनिक्षेपक तयार केले. चुंबकीय क्षेत्रात टांगलेली ही पट्टी एकाच वेळी विद्युतवाहक आणि कंप पावणारा पडदा अशी दोन्ही कामे करीत असे. स्वतः केलॉग यांनीही विद्युतभाराच्या आकर्षण-अपकर्षणावर चालणाऱ्या स्थिरविद्युत स्पीकरवर काम केले आणि त्यासंबंधीचे पेटंट त्यांना १९३४ मध्ये मिळाले. म्हणजेच शंकूच्या स्पीकरचा एक जनक पटलाच्या स्पीकरचाही आरंभीचा पुरस्कर्ता होता. दोन्ही कल्पना जवळजवळ समवयस्क आहेत, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

मग शंकूची सरशी का झाली? पहिले कारण द्रव्यविषयक होते. स्थिरविद्युत स्पीकरला अतिशय हलका, समान जाडीचा आणि ताण सहन करणारा पडदा लागतो. असे प्लास्टिकचे पातळ पापुद्रे दुसऱ्या महायुद्धानंतरच सुलभपणे मिळू लागले. दुसरे कारण सैद्धांतिक होते. पडदा स्थिर पट्ट्यांच्या जवळ किंवा दूर गेला की त्याच्यावरील बल बदलत असे आणि त्यामुळे स्वरात विकृती येई. पडदा दोन सच्छिद्र पट्ट्यांच्या मधोमध ठेवून त्याच्यावरील विद्युतभार मोठ्या रोधाच्या साहाय्याने स्थिर राखला, तर ही विकृती मोठ्या प्रमाणात टळते. हार्वर्ड विद्यापीठातील फ्रेडरिक हंट यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इलेक्ट्रोअकूस्टिक्स’ या ग्रंथात या तत्त्वाची पद्धतशीर मांडणी केली. हंट यांच्याबरोबर काम केलेले आर्थर जॅन्सझेन यांनी याच दशकात उंच स्वरांसाठी स्थिरविद्युत स्पीकर बाजारात आणला.

१९५४ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. याच वर्षी एडगर विल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च या अमेरिकी कंपनीने एआर-१ हा स्पीकर आणला. बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केल्यामुळे पुस्तकाच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून खर्जाचे स्वर मिळू लागले. लहान घराच्या प्रश्नाला पेटीच्या बाजूने दिलेले हे अत्यंत समर्थ उत्तर होते. यापुढे सपाट पटलाला जी स्पर्धा करावी लागली, ती या लहान पेटीशी. विशेष म्हणजे विल्चर यांच्या खर्जाच्या पेटीवर जॅन्सझेन यांचा स्थिरविद्युत स्पीकर ठेवून दोहोंचा मेळ घालण्याची पद्धत त्या काळी अमेरिकी रसिकांत चांगलीच रूढ झाली. हीच कल्पना पुढे तीस वर्षांनी नव्या रूपात परतली.

हंटिंग्डनचे पटल

इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेली कंपनी, पुढील नावाने अकूस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, युद्धकाळात लंडनमधून हंटिंग्डन या लहान गावी स्थलांतरित झाली होती. तिच्या ॲम्प्लिफायरचे ‘क्वाड’ हे नाव पुढे कंपनीलाच चिकटले. या नावाच्या विस्तारातील एक शब्द ‘घरगुती’ या अर्थाचा आहे. वॉकर यांच्या कामाचे लक्ष्य कोठे होते, हे त्यावरून कळते.

१९५४ मध्ये वॉर्फडेल कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण यांची जाहीर तुलना घडवून आणली. तेथे वापरलेले ॲम्प्लिफायर वॉकर यांचे होते. मात्र स्वतः वॉकर यांनी पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, ‘वायरलेस वर्ल्ड’ या नियतकालिकात स्थिरविद्युत स्पीकरवर जी लेखमाला लिहिली, तिचा रोख सभागृहाकडून घराकडे वळलेला होता. ॲम्प्लिफायरच्या क्षेत्रात ख्यातनाम असलेल्या डी. टी. एन. विल्यमसन यांचेही या संशोधनात साहाय्य होते. १९५७ मध्ये क्वाड इएसएल हा स्पीकर विक्रीस आला. खर्जापासून तारसप्तकापर्यंतचा पूर्ण पल्ला केवळ स्थिरविद्युत पटलांनी सांभाळणारा आणि सातत्याने मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला हा पहिला स्पीकर मानला जातो. त्याचे उत्पादन १९८५ पर्यंत चालू राहिले.

या स्पीकरची मापे बोलकी आहेत. रुंदी सुमारे ८८ सेंटिमीटर, उंची सुमारे ७९ सेंटिमीटर. आखूड पायांवर उभी असलेली, किंचित बाक असलेली धातूची जाळी पाहून अनेकांना ती खोली उबदार ठेवणारी विजेची शेगडी वाटे. ती इंग्रजी दिवाणखान्यातील खुर्चीपेक्षा उंच नव्हती. कंपनीचा त्या काळचा ॲम्प्लिफायर १५ वॅटचा होता आणि एवढी शक्ती या स्पीकरला पुरेशी मानली होती. जास्त शक्ती दिली तर पडदा आणि पट्ट्या यांच्यामध्ये ठिणगी पडून पटल निकामी होण्याचा धोका असे. आवाजाच्या मोठेपणाची मर्यादा अशा प्रकारे यंत्रातच अंतर्भूत होती. शेजाऱ्यांची भिंत लागून असलेल्या घरात ही मर्यादा फारशी जाचक नव्हती.

येथे एक ऐतिहासिक तपशील महत्त्वाचा आहे. १९५७ मध्ये घरगुती ध्वनिमुद्रिका एकपदरी होत्या. त्यामुळे इएसएल हा मुळात एकट्याने वापरायचा स्पीकर होता; खोलीत एक पटल ठेवले की काम भागत असे. १९५८ पासून दुपदरी, म्हणजे स्टिरिओ ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या. आता दोन पटले हवी होती, ती एकमेकांपासून ठरावीक अंतरावर हवी होती आणि श्रोत्याने त्या दोहोंच्या बरोबर समोर बसणे आवश्यक झाले. पटल बदलले नव्हते, खोलीही बदलली नव्हती. ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीत झालेल्या बदलाने मात्र दोहोंमधील जुना मेळ बिघडवला. साध्या खोलीत सपाट पटल बसवण्याची अडचण ज्या स्वरूपात आज ओळखली जाते, तिचा उगम येथे शोधता येतो.

मिनेसोटाचे पडदे

अमेरिकेत केएलएच कंपनीने जॅन्सझेन यांच्या रचनेवर आधारित ‘नाइन’ हा पूर्ण पल्ल्याचा स्थिरविद्युत स्पीकर १९६० च्या सुमारास आणला. तो माणसाच्या उंचीचा होता. त्याचे एक चाहते होते मिनेसोटा राज्यातील थ्रीएम कंपनीत अभियंता असलेले जिम विनी. स्थिरविद्युत स्पीकरचे गुण ठेवून त्यातील हजारो व्होल्टचा विद्युतदाब टाळता येईल का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सच्छिद्र पत्र्यावर लवचीक चुंबकाच्या पट्ट्या बसवून त्यांच्यासमोर तारा चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा ताणावा, हे त्यांनी शोधलेले उत्तर. तारांतून वाहणारा विद्युतप्रवाह आणि चुंबकीय क्षेत्र यांच्यामुळे संपूर्ण पडदा हलतो. त्यासाठी भिंतीवरील विजेच्या जोडणीची किंवा उच्च दाबाची गरज नसते. १९६९ मध्ये विनी यांनी व्हाइट बेअर लेक येथे मॅग्नेपॅन कंपनी स्थापन केली.

कंपनीचे आरंभीचे टिंपनी हे स्पीकर तीन फळ्यांच्या घडीच्या आडपडद्यासारखे होते. प्रत्येक बाजूला असा एक उभा आडपडदा. ते मोठ्या अमेरिकी दिवाणखान्यांतच शोभत. शिवाय त्यांना भरपूर शक्तीचा ॲम्प्लिफायर लागे. त्यांचे वितरण सुरुवातीस ऑडिओ रिसर्च या ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या कंपनीमार्फत होत असे, हा योगायोग म्हणता येणार नाही. इंग्लंडमधील पटलाने १५ वॅटमध्ये भागवले होते; मिनेसोटातील पटलाने यंत्राबरोबर शक्तीचाही खर्च वाढवला.

१९८० च्या दशकात ही प्रवृत्ती टोकाला गेली. मॅसॅच्युसेट्समधील ॲपोजी कंपनीने धातूच्या रिबनवर पूर्ण पल्ल्याचे भव्य स्पीकर तयार केले. त्यांतील ‘सिंटिला’ या स्पीकरचा विद्युतअवरोध अवघा एक ओहम इतका कमी होता आणि तो चालवू शकणारे ॲम्प्लिफायर मोजकेच होते. स्वराच्या गुणवत्तेबद्दल आदर मिळवूनही ही कंपनी १९९९ मध्ये बंद पडली. तिच्या बंद पडण्याची कारणे अनेक असू शकतात. तथापि सामान्य घरात न मावणारे आणि सामान्य ॲम्प्लिफायरला न पेलणारे यंत्र कितीही सुस्वर असले तरी त्याचा श्रोतृवर्ग मर्यादितच राहतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

खोलीकडे वळलेले तंत्र

याच काळात काही संशोधकांनी मात्र खोलीची अडचण मध्यवर्ती मानली. वॉकर यांनी नव्या स्थिरविद्युत स्पीकरचे काम १९६३ मध्ये सुरू केले होते आणि इएसएल-६३ हा स्पीकर १९८१ मध्ये बाजारात आला. अठरा वर्षांच्या या प्रयत्नामागील समस्या अशी होती की सपाट पडदा उंच स्वर अगदी अरुंद झोतात सोडतो. श्रोता थोडा बाजूला सरकला की स्वराचा पोत बदलतो. वॉकर यांनी पडद्यासमोरील पट्टीचे एककेंद्री कड्यांत विभाजन केले आणि मध्यापासून कडेपर्यंत प्रत्येक कड्याला संकेत थोडाथोडा उशिरा मिळेल अशी योजना केली. परिणामी सपाट पडदा आपल्यामागे सुमारे ३० सेंटिमीटरवरील एका बिंदूतून ध्वनी निघत असल्याप्रमाणे वागू लागला. पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांशी याची तुलना करता येईल. अतिरिक्त विद्युतदाबापासून पटलाचे रक्षण करणारी व्यवस्थाही यात होती.

अमेरिकेतील मार्टिनलोगन कंपनीने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. १९८३ च्या ‘मोनोलिथ’ या स्पीकरमध्ये पटलालाच बाक देण्यात आला आणि खर्जासाठी खाली पेटीतील शंकू जोडण्यात आला. पन्नासच्या दशकातील पेटी आणि पटल यांची जोडी अशा प्रकारे एकाच यंत्रात आली. पटलाची रुंदी त्यामुळे कमी करता आली आणि स्पीकर सडपातळ झाला.

मॅग्नेपॅन कंपनीनेही कालांतराने लहान पटले आणली. नव्वदच्या दशकात आलेला ‘एमएमजी’ हा स्पीकर दुकानाऐवजी थेट कारखान्यातून टपालाने विकला जाई आणि साठ दिवस घरी वापरून पसंत न पडल्यास परत करता येई. २०१९ मध्ये त्याच्या जागी ‘एलआरएस’ आला. त्याची उंची ४८ इंच, रुंदी साडेचौदा इंच आणि जाडी जेमतेम एक इंच; जोडीची किंमत त्या वेळी ६५० डॉलर. २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. घरी वापरून पाहण्याची ही सवलत व्यापारी स्वरूपाची असली तरी तिच्यामागे एक तात्त्विक कबुली आहे. दुकानातील खोलीत ऐकलेला स्पीकर घरातील खोलीत तसाच वाजेल याची हमी देता येत नाही, हे निर्मात्यानेच त्यातून मान्य केले होते.

साध्या खोलीचे गणित

या इतिहासाच्या आधारे निवडीच्या प्रश्नाकडे वळता येते. त्यासाठी प्रथम सपाट पटलाचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. पेटी नसल्यामुळे पडद्याच्या मागील बाजूने निघणारा ध्वनी पुढील ध्वनीइतकाच असतो, पण उलट कलेत. कडेच्या दिशेने हे दोन्ही एकमेकांना छेद देतात. ध्वनीच्या प्रसाराची आकृती त्यामुळे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी होते. समोर तितकाच मोठा आवाज देताना असे पटल, सर्व दिशांना सारखा ध्वनी सोडणाऱ्या स्पीकरच्या तुलनेत, खोलीत एकूण एकतृतीयांश ध्वनिशक्ती सोडते. बाजूच्या भिंतींकडे फारच थोडा ध्वनी जातो. अरुंद खोलीसाठी हा मोठा फायदा आहे.

तोटा मागील भिंतीच्या बाबतीत संभवतो. पटल या भिंतीपासून एक मीटर पुढे ठेवले, तर मागील ध्वनी भिंतीवर आदळून दोन मीटरचा जादा प्रवास करून, सुमारे सहा सहस्रांश सेकंद उशिरा श्रोत्याकडे येतो. उलट कलेमुळे सुमारे ८६ हर्ट्झच्या आसपास तो मूळ ध्वनीला बळ देतो, तर १७२ हर्ट्झच्या आसपास त्याला क्षीण करतो. पटल भिंतीच्या जितके जवळ न्यावे तितका खर्ज नाहीसा होत जातो. पेटीचा स्पीकर भिंतीला टेकवला की त्याचा खर्ज वाढतो. पटलाचा नेमका उलट अनुभव येतो. पेटीच्या सवयीने भिंतीला लावून ठेवलेले पटल ‘पातळ’ वाजते आणि दोष यंत्राला दिला जातो, याचे मूळ येथे आहे.

१२ फूट रुंद आणि १५ फूट लांब अशी खोली उदाहरणादाखल घेता येईल. पटले आखूड भिंतीच्या बाजूला, भिंतीपासून साधारण एक मीटर पुढे आणि एकमेकांपासून सुमारे दोन मीटर अंतरावर उभी केली, तर श्रोत्याची खुर्ची तेथून अडीच मीटरवर येते आणि तिच्यामागे सुमारे एक मीटर जागा उरते. अशी मांडणी शक्य आहे. पण मग खोलीचा पहिला एक मीटर दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही. ऐकून झाल्यावर हलके पटल भिंतीकडे सरकवून ठेवणे हा त्यावरचा व्यवहार्य तोडगा होय. ज्या खोलीत हा एक मीटर तात्पुरताही मोकळा करता येत नाही, तेथे बंद पेटीचा लहान स्पीकर अधिक न्याय्य ठरतो.

दुसरा विचार शक्तीचा. एलआरएस या स्पीकरची संवेदनक्षमता ८६ डेसिबल अशी दिली जाते. मात्र हे मोजमाप २.८३ व्होल्टवरचे आहे आणि चार ओहमच्या स्पीकरला इतका दाब दिला म्हणजे दोन वॅट खर्च होतात. एका वॅटला हिशेब ८३ डेसिबलचा पडतो. वाद्यवृंदातील क्षणिक उच्च स्वरांसाठी १०३ डेसिबल हवे असतील, तर वीस डेसिबलच्या वाढीसाठी शंभरपट, म्हणजे १०० वॅट लागतील. म्हणून स्पीकरच्या किमतीत चार ओहमला समर्थ असलेल्या ॲम्प्लिफायरची किंमत मिळवूनच खर्चाचा अंदाज बांधणे योग्य होय.

तिसरा विचार संगीताच्या स्वरूपाचा. लहान चुंबकीय पटले साधारण ५० हर्ट्झपर्यंत उतरतात. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा आणि पाश्चात्त्य डबल बास या वाद्याचा ४१ हर्ट्झचा असतो. त्यांच्या मूळ स्वरासाठी ही पटले अपुरी पडतात. याउलट काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. ख्यालगायन हेच ज्याचे मुख्य श्रवण आहे, त्याच्या गरजेच्या आतच लहान पटलाची मर्यादा येते. त्याने मोठ्या पटलासाठी किंवा खर्जाच्या जोडपेटीसाठी खर्च करण्याची निकड नाही.

चौथा विचार टिकाऊपणाचा. स्थिरविद्युत पडदा विद्युतभारामुळे धूळ आकर्षित करतो आणि दमट हवेत त्याचा भार गळू शकतो. जुन्या इएसएलमध्ये पडद्यावरील लेप आणि उच्च दाब पुरवणारे भाग कालांतराने निकामी होतात. जुन्या चुंबकीय पटलांत तारा पडद्यापासून सुटण्याचा दोष आढळतो. कोकण किनाऱ्यासारख्या दमट हवामानात हा विचार दुय्यम मानता येत नाही. वापरलेले स्पीकर घेताना वर्षे मोजण्यापेक्षा पटले पूर्वी दुरुस्त झाली आहेत काय, याची चौकशी अधिक उपयोगी पडते.

घरातील इतर माणसे

या गणितात न बसणारा एक घटक उरतो. साधी खोली ही एकट्याची नसते. १९८३ मध्ये ‘स्टिरिओफाइल’ या अमेरिकी नियतकालिकात ‘पत्नीच्या पसंतीचा घटक’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग अवतरला आणि पुढे तो रसिकांच्या बोलीत थट्टेने रुळला. या थट्टेमागे एक गृहीतक दडलेले आहे : ऐकणारा पुरुष, आणि खोलीच्या रूपाची काळजी करणारी स्त्री ही त्याच्या वाटेतील अडचण. इतिहासाच्या दृष्टीने पाहता हा दृष्टिकोन एकांगी आहे. दोन उभी पटले आणि त्यांच्या समोरची एक खुर्ची अशी मांडणी झाली की उत्तम स्वर एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतो आणि जागेची गैरसोय मात्र सर्वांच्या वाट्याला. तक्रार खोलीच्या सजावटीपुरती नसून सामायिक जागेच्या वाटपाविषयीची होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

या संदर्भात इएसएल-६३ मधील एककेंद्री कडी किंवा मार्टिनलोगनचे बाकदार पटल यांचा अर्थ तांत्रिक सुधारणेपलीकडे जातो. झोत रुंद करणे म्हणजे शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यालाही ऐकण्यात सामावून घेणे. ज्या घरात दोघे-तिघे मिळून ऐकतात, तेथे अशा रचनेला प्राधान्य देणे इष्ट. जेथे रात्री निवांतपणी एकच व्यक्ती ऐकते, तेथे अरुंद झोताचे स्वस्त पटलही पुरेसे समाधान देऊ शकते.

निष्कर्ष

१. शंकूचा आणि पटलाचा स्पीकर या दोन्ही कल्पना १९२० च्या दशकातच उदयास आल्या. पटलाला जो विलंब झाला, त्याचे कारण योग्य द्रव्य आणि सिद्धांत यांच्या अभावात आढळते.

२. १९५७ चा क्वाड इएसएल हा साध्या घरासाठी कल्पिलेला स्पीकर होता. १९५८ नंतरच्या दुपदरी ध्वनिमुद्रणाने त्याची जागेची मागणी वाढवली.

३. १९७० ते १९९० च्या काळात आकार आणि शक्ती वाढवण्याच्या प्रयत्नांबरोबरच पटलाला खोलीशी जुळवून घेण्याचे प्रयत्नही झाले. आज उपलब्ध असलेली लहान व मिश्र रचनेची पटले ही या दुसऱ्या प्रयत्नांची फलिते होत.

४. साध्या खोलीसाठी निवड करताना मागील भिंतीपासूनचा एक मीटर, ॲम्प्लिफायरची शक्ती, ऐकण्याचे संगीत, हवामान आणि ऐकणाऱ्यांची संख्या हा क्रम उपयुक्त ठरतो. यांपैकी पहिल्या कसोटीस न उतरणाऱ्या खोलीत पटलाचा आग्रह धरू नये.

५. शक्य असेल तेथे स्पीकर स्वतःच्या खोलीत काही दिवस ऐकूनच घ्यावा. शंभर वर्षांच्या संशोधनानंतरही या परीक्षेला पर्याय निर्माण झालेला नाही, आणि ती घरातील सर्वांनी मिळून घ्यावयाची आहे.